एसीतला गॅस संपत नसतो, तो कुठंतरी जातो

मार्च उजाडला की आपल्या विट्यात कुठल्याही गॅरेजसमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एसी गार करत नाही? गॅस संपला असंल, भरून टाका." आपण पैसे देतो, दोन-तीन महिने बरं चालतं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

या वाक्याबद्दल आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझे साडू कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत. खानापूर-आटपाडीच्या बऱ्याच घरांसारखंच घर: माणसं देशभर, जीव गावाकडं. जत्रा, लग्न, निवडणूक, काही असलं की गाडी गावाकडं वळते. त्यांनी काही वर्षांपूर्वी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. परवानगीचं सगळं आरटीओत रीतसर करून मागच्या सीट काढल्या, दोन झोपायच्या फळ्या, पाण्याची टाकी, छोटं कपाट बसवलं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "पाव्हणं, तुम्ही सरकारच्या आधीच कॅराव्हॅन केली की!" फरक एवढाच, की ही गाडी पर्यटनाला नाही, माणसं घरी आणायला आहे. सेलम, बंगळूर, हुबळी, बेळगाव, कराड आणि मग विटा.

यंदा या गाडीतून सासूबाईंना मे महिन्यात परत न्यायचं होतं. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण उष्मा लागता कामा नये, असं बजावलं. आणि एसीतून येत होता नुसता वारा. तीन उन्हाळे एका गॅरेजात (नाव घेत नाही, गाव मोठं नाही) गॅस भरून झाला होता. चौथ्यांदा भरायच्या आधी गाडी मी माझ्याकडं ठेवून घेतली. मी पत्रकार माणूस, मेकॅनिक नाही. पण आमच्या शेजारी एक मामा राहतात, तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर. मागाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट ढिला ते सांगणारा माणूस. रविवारी त्यांना हाक मारली.

आधी यंत्रणा समजून घ्या, अवघड नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो. तो कंडेन्सरच्या जाळीतून जाताना पंख्याच्या वाऱ्यानं उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. मग बारीक छिद्रातून सुटला की एकदम गार होतो, आत बसवलेल्या दुसऱ्या जाळीत उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडं. हे सगळं बंद नळ्यांमध्ये चालतं. डिझेल जळतं तसा हा गॅस जळत नाही. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी किंचित झिरपतो, ते खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, असा सरळ अर्थ.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण यातलं बहुतेक कुणालाही घरी करता येतं.

इंजिन चालू करून एसीचं बटण दाबलं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज आला, म्हणजे क्लच पकडतोय. पण थोड्याच वेळात परत 'टक्', सुटला. मामा म्हणाले, "यो मोकळा सुटत न्हाई, त्याला कुणीतरी सोडवतंय." बरोबर होतं. दाब फार कमी किंवा फार जास्त झाला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

मग टपावर चढलो. कंडेन्सरचे दोन पंखे, त्यातला एक बंद. फ्यूज ठीक होता. टेस्ट लॅम्प लावून बघितलं तर करंट येत होता, पण अर्थिंगची वायर गंजून तुटायला आली होती. ती घासून, नवीन लग लावून घट्ट बसवली. पंखा फिरला. खर्च वीस रुपये.

त्याच्याखाली जाळी बघितली आणि दोघंही हसलो. गाडी विट्यात येते तेव्हा मागांच्या शेडशेजारी उभी असते. जाळीवर कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गोधडीच तयार झाली होती. इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून, मऊ ब्रश आणि साध्या पाइपाच्या पाण्यानं ती धुतली. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा मारू नका, पातळ पत्र्या वाकतात. आतला फिल्टर काढला तर तोही तसाच. पाणी जायची नळी तुंबलेली, ती तारेनं मोकळी केली.

शेवटी टॉर्च घेऊन एकेक जोड बघितला. कॉम्प्रेसरजवळच्या एका जोडावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळं गॅस जिथून निसटतो तिथं बहुधा तेलाची खूण राहते. साबणाचा फेस लावला, बारीक बुडबुडे आले. गळती सापडली.

आणि सगळ्याची संगती लागली. एक पंखा बंद, जाळी तुंबलेली, म्हणून उष्णता बाहेर पडेना, म्हणून दाब वाढला, आणि त्या दाबाखाली जुनी रबरी रिंग हरली. गॅस कमी होणं हा परिणाम होता. तीन वर्षं आपण परिणामावर पैसे घातले, कारण तसंच राहिलं.

इथं आम्ही हात थांबवला. तो जोड आम्ही खोलला नाही, आणि तुम्हीही खोलू नका. नळीत दाब असतो. हा आर-१३४ए गॅस बाहेर पडताच उणे २६ अंशाला उकळतो, हातावर किंवा डोळ्यात गेला तर इजा पक्की. स्वस्तात पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरायचा सल्ला दिला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. झोपायची गाडी आहे ती.

ज्याच्याकडं गॅस काढून घ्यायचं मशीन आणि व्हॅक्यूम पंप आहे, असा माणूस शोधला. त्यानं उरलेला गॅस आधी बाटलीत काढून घेतला, रिंग आणि ड्रायर बदलला, नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघितलं, तासभर व्हॅक्यूम लावला आणि गाडीवरच्या पट्टीत लिहिलंय तेवढाच गॅस वजन करून भरला. सासूबाई कोइमतूरला पोचल्या आणि फोनवर पहिली तक्रार केली, "लई गार करत हुता ओ पाव्हणं, शाल घ्यावी लागली." एवढी गोड तक्रार मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत ऐकली नाही.

आता मुद्दा. हा फक्त माझ्या साडूंच्या गाडीचा प्रश्न नाही.

गाड्यांत पूर्वी आर-१२ गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो हे कळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जोरकस आहे. एक किलो हवेत सोडला, तर अंदाजे पाचशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. म्हणून २०१६ मध्ये किगालीत नवा करार झाला, भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडं अशा वायूंची कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. जे कमी बनणार ते महागणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दुसरीकडं, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. निर्णय चांगलाच आहे. उन्हात चौदा-चौदा तास स्टिअरिंग धरणारी माणसं आपल्याच घरातली आहेत. पण हेच ट्रक पाच-सहा वर्षांनी गुहागर-विजापूर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहतील, तेव्हा त्यांनाही "गॅस संपलाय, भरून टाका" हेच ऐकायला मिळणार का? आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे. पण रस्त्यावरच्या गॅरेजात शिकलेल्या पोरांना आठ-पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आणि चार गॅरेज मिळून एक गॅस काढायचं मशीन, एवढी सोय तालुक्याला झाली पाहिजे. मेकॅनिकला शिव्या देऊन काही होत नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नाही आणि मशीन त्याच्या एकट्याच्या खिशाला झेपत नाही.

तोवर आपल्या हातात तीन प्रश्न आहेत. गॅस भरायच्या आधी विचारा: गळती कुठं सापडली? व्हॅक्यूम किती वेळ लावणार? गॅस वजन करून भरणार का? उत्तर मिळालं नाही तर किल्ली परत घ्या.

आपल्या भागातली माणसं सराफाच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन त्यातून गुंजभर सोनं काढतात. कण वाया जाऊ द्यायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग हा गॅस तेवढा आपण फुकट आभाळात का सोडतोय?

तुमच्या गाडीत किती वेळा गॅस भरलाय आणि गळती किती वेळा शोधली, कॉमेंटमध्ये लिहा. आयटीआय आणि गॅरेजवाल्या मित्रांनी तर जरूर लिहा. सगळं एकत्र करून प्रशासनापुढं ठेवू.