उरलेलं पाणी

एम.एस्सी.ला असताना आमच्या लॅबमध्ये इकोआरआय या एंझाइमची एकच नळी होती. नागपूरहून बर्फाच्या डब्यातून आलेली. ती संपली की पुढच्या बजेटपर्यंत थांबायचं. माझ्या वाट्याला त्यातलं चार मायक्रोलिटर आलं होतं, चार प्रयोगांपुरतं. मी ते एका दिवसात संपवलं.

काम तसं साधं होतं. लॅम्डा या व्हायरसचा डीएनए ४८,५०२ बेसजोड्यांचा असतो. इकोआरआय त्यात जीएएटीटीसी हा क्रम शोधतं आणि तिथे कापतं. अशा जागा पाच, म्हणून तुकडे सहा. एकूण मिश्रण २० मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी.

गणित वहीत मांडलं होतं. बफर दहापट तीव्र, म्हणून एकूणाच्या दहावा भाग : २. डीएनए १ मायक्रोग्रॅम हवा. नळीवर दर मायक्रोलिटरला ५०० नॅनोग्रॅम असं लिहिलेलं, म्हणून तोही २. एंझाइम १. झाले ५. उरलं ते पाणी : १५.

हे सगळं येत असूनही मी ऐनवेळी एंझाइम ४ टाकलं. डीएनए कापलाच गेला नाही तर, ही भीती. जास्त टाकलं तर नक्की कापेल असं वाटलं. पाणी १५ चं १२ केलं. बेरीज २० जुळली, म्हणून गणितही बरोबर वाटलं.

जेलवर सहापेक्षा जास्त पट्टे दिसले, तेही पुसट. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ग्लिसरॉल किती झालं?"

उणे २० अंशांतही गोठू नये म्हणून एंझाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. २० मध्ये ४ टाकलं की ग्लिसरॉल १० टक्के होतं. ते ५ टक्क्यांच्या वर गेलं की इकोआरआयची शिस्त बिघडते. आपल्या क्रमासारखे दिसणारे दुसरे क्रमही ते कापू लागतं. म्हणून एंझाइम एकूणाच्या दहाव्या भागाहून जास्त घ्यायचं नसतं. शिवाय १ युनिट एंझाइम तासाभरात ३७ अंशांना १ मायक्रोग्रॅम लॅम्डा डीएनए कापतं. आमच्या एका मायक्रोलिटरमध्ये १० युनिट होती. म्हणजे १ मायक्रोलिटर हेच गरजेच्या दहापट होतं.

शनिवारी पवनी तालुक्यातल्या गावी गेलो. बाबा धानावर फवारणीच्या तयारीत होते. आधी अर्धी टाकी पाणी, मग झाकणाने मोजून औषध, मग बाकीचं पाणी. मी लॅबमधला प्रकार सांगितला. एंझाइम म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. बांधीचा एक कोपरा दाखवला. मागे एका वर्षी तिथलं धान जास्तीच्या औषधाने करपलं होतं.

"मी बी भेऊनच टाकलो होतो," बाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या मैत्रिणीने तिच्या वाट्यातलं १ मायक्रोलिटर मला दिलं. मी आधी १५ पाणी घेतलं, मग बफर, मग डीएनए, शेवटी एंझाइम. ग्लिसरॉलमुळे ते जड असतं, तळाशी बसतं. म्हणून पिपेटने हळूच ढवळलं. टिपमध्ये ते जेमतेम दिसत होतं. आणखी थोडं हवं होतं असं तेव्हाही वाटलंच.

जेलवर जास्तीचा एकही पट्टा नव्हता.