हबशांच्या मुलखात पहिले चार दिवस

आफ्रिकेला निघालो म्हटल्यावर लातुरात आणि नांदेडच्या सासुरवाडीत पहिला प्रश्न आला तो उन्हाचा, आणि दुसरा हलालचा. आमचे साडू अदीस अबाबातल्या एका विद्यापीठात शिकवतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता ऑगस्टमध्ये गेलो. जाण्याआधी पीतज्वराची लस मात्र टोचून घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवतात.

मुंबईहून साडेपाच-सहा तासांत उतरलो तो थंडीत! शहर समुद्रसपाटीपासून 2300 मीटरहून उंच आहे. भर दुपारी स्वेटर लागला, जिना चढताना धाप लागली. आणि पाऊस रोजचा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावची माणसं आम्ही. खिडकीशी उभं राहून तो नुसता बघत राहिलो.

विमानतळावरची बाई "सलाम" म्हणाली. आम्हाला वाटलं, मुसलमान असेल. पुढे कळलं, इथे ख्रिस्तीही "सलाम"च म्हणतात. घड्याळाचा प्रकार त्याहून मजेशीर. इथला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. टॅक्सीवाला "दोनला येतो" म्हणाला आणि सकाळी आठला दारात हजर. त्यांचं वर्षही आपल्या सात-आठ वर्षं मागे चालतं. बेगमना हा हिशोब फार आवडला.

हलालची काळजी पहिल्याच दिवशी मिटली. देशात सुमारे एक तृतीयांश वस्ती मुसलमानांची आहे आणि डुकराचं मांस तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही खात नाहीत. कापलेलं मांस मात्र दोन्ही समाज आपापल्याच लोकांच्या हातचं खातात. त्यामुळे मुसलमानांची खाणावळ कोणती, हे विचारण्यात कुणाला संकोच नाही आणि सांगण्यातही नाही.

खरी गंमत ताटात होती. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचा मोठा, जाळीदार डोसा. त्यावर वाढलेलं 'शिरो' तोंडात घातलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे तर पिठलं! कडधान्याचंच पीठ, कांदा, लसूण, लाल तिखट. मर्काटो नावाच्या अवाढव्य बाजारात अन्वर मशिदीत जोहर पढून बाहेर आलो, तर एका पोत्यात काळे बारीक दाणे दिसले. बेगमनी चिमूटभर चावले. "अहो, कारळे!" तिकडे त्याला 'नुग' म्हणतात, तेल काढतात. साडूंनी सांगितलं, हे पीक मूळचं इथलंच. आपली ज्वारीसुद्धा आफ्रिकेच्या याच बाजूची.

बाजारातल्या गर्दीत एक गोष्ट मनात येत राहिली. हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव आपण मुलांना ठेवतो, मक्केतल्या छळाला कंटाळलेल्या पहिल्या मुसलमानांना याच मुलखाच्या नजाशी बादशाहाने आसरा दिला हे सांगतो, खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर फातिहा पढतो. आणि त्याच तोंडाने सावळ्या पोरीला 'हबशीण' म्हणून चिडवतात, स्थळ आलं की रंगावरून नाक मुरडतात.

चौथ्या दिवशी साडूंच्या ख्रिस्ती घरमालकीणबाईंनी कॉफीला बोलावलं. जमिनीवर गवत पसरलेलं, समोर हिरव्या बिया भाजल्या, कुटल्या, मातीच्या सुरईत उकळल्या. कॉफी तीनदा देतात, आणि तिसऱ्या पेल्याचं नाव 'बरका', म्हणजे आपली बरकतच.

आमच्याकडे त्यांची माणसं कधी होती का, असं त्यांनी विचारलं. आम्ही मलिक अंबरची हकीकत सांगितली. लहानपणी विकलेला पोर बगदादमार्गे दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना झुंजवलं, 1610 मध्ये खडकी शहर वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं, आणि त्याला नहरींनी पाणी पाजलं. साडू भाषांतर करत होते. बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि आम्हाला तुम्ही लोक काय म्हणता?"

साडू जरा अडखळले. मग म्हणाले, "हबशी."

बाई खुलून हसल्या, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "हबेशा! आम्हीही स्वतःला तेच म्हणतो." आणि त्यांनी तिसरा पेला भरला.