लाईट गेली, तरी प्रशिक्षण चाललं

मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, तसंच रिहे खोरंही आहे. या खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षकांना डिजिटल साधनांचं प्रशिक्षण द्यायला मी गेलो, तेव्हा आषाढ लागला होता. सकाळीच लाईट गेली, प्रोजेक्टर बंद पडला. नेटवर्कची एखादी कांडी दिसायची नि जायची.

जमलेले शिक्षक मोबाइलला नवखे मुळीच नव्हते. शासनाच्या ‘सरल’ पोर्टलवर मुलांची माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद करायची, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक आजच्या आज भरून पाठवायची, यात त्यांचा फोन दिवसभर राबतो. तोच फोन वर्गात मुलांसाठी कसा वापरायचा, हे मात्र कुणी त्यांच्यासोबत बसून दाखवलं नव्हतं.

दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंनी थेट विचारलं, “सर, नेट नसताना यातलं काय चालेल, ते आधी सांगा.”

मग सुरुवात तिथूनच झाली. बाईंनी वर्गातल्या एका मुलीला धड्यातल्या चार ओळी वाचायला सांगितल्या, फोनच्या रेकॉर्डरवर घेतल्या आणि तिलाच ऐकवल्या. मुलगी कान देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, “बाई, मी ‘पुतक’ म्हटलं!” दुसऱ्या वेळी त्या जोडाक्षरापाशी ती थबकली, आणि ‘पुस्तक’ स्पष्ट उमटलं. बाईंनी दोन्ही रेकॉर्डिंगना तारीख घालून ठेवली, म्हणजे पालकसभेत आईला लेकीची प्रगती ऐकवता येईल.

‘दीक्षा’ हे शिक्षणासाठीचं सरकारी अ‍ॅप २०१७ साली सुरू झालं, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत त्याचे क्यूआर कोड आले. पण घरी नेट असताना व्हिडिओ अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवला, तर वर्गात तो नेटशिवाय चालतो, हे इथं बऱ्याच जणांना नवं होतं.

महाराष्ट्रात डिजिटल शिक्षणाची नावाजलेली उदाहरणं वर्गातूनच उभी राहिली आहेत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची छोटी जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल केली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. या दोघांनी आपल्या मुलांची अडचण आधी पाहिली, साधन मागाहून शोधलं. प्रशिक्षणाचाही क्रम हाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

एका दिवसात अ‍ॅपची ओळख होते, हात बसत नाही. त्यासाठी परिसरातल्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने आपल्या वर्गातला प्रयोग दाखवावा, अडलेल्याला तिथेच मदत मिळावी, असं मी सुचवलं. रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी पहिलं नाव स्वतःचं दिलं. चौथीच्या गुरुजींनी अपूर्णांकाचा पाठ मागून घेतला आणि व्हिडिओ उतरवायला फोनमध्ये जागा कशी करायची, हे शिकायला ते शेजारच्या तरुण शिक्षकाजवळ जाऊन बसले.