डीजेच्या गावात नाटकाची वही

जयंतीची बैठक होती. जालना तालुक्यातली एक वस्ती, बुद्धविहाराच्या ओट्यावर सतरंजी, समोर वर्गणीचं पावती पुस्तक. डीजे किती बेसचा आणायचा यावर तासभर चर्चा झाली. बैठक उठायच्या बेतात असताना मागच्या कोपऱ्यातून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा उभा राहिला. हातात दोनशे पानी वही. म्हणाला, "दादा, मी नाटक लिहिलंय. जयंतीत करू का?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "बाळा, नाटक कोण बघतंय आता? पोरं उठून जातेत."

शेवटी त्याला मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं मिळाली. माईक एकच, तोही उसना. चाळीस मिनिटांचं नाटक त्याने कापून वीसचं केलं. सतरा मिनिटांवर डीजेची गाडी आली आणि साऊंड चेक सुरू झाला. पोरांनी शेवटचा प्रवेश ओरडून पूर्ण केला. कुणाला काही ऐकू आलं नाही.

त्या समितीत आम्हीही होतो. पावती पुस्तक आमच्याच हातात होतं. त्यामुळे हा लेख दुसऱ्या कुणावर बोट दाखवायला लिहिलेला नाही. आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतोय: आपल्या वस्तीत नाटककार जन्माला येतो, तेव्हा आपण त्याचं काय करतो?

"नाटक कोण बघतंय" हे वाक्य जालना जिल्ह्यात तरी कुणी बोलू नये. घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचं गाव आहे. रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणून त्याची ओळख. त्याच गावच्या राजकुमार तांगडे या शेतकरी लेखकाने 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं. संकल्पना, गाणी आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. 2012 साली नाटक रंगमंचावर आलं, म्हणजे मराठवाडा भीषण दुष्काळाच्या तोंडावर असताना. त्यात कामं करणारी बहुतेक पोरं जालन्याच्या खेड्यापाड्यांतली. कैलास वाघमारे हा आज सिनेमात दिसणारा नट याच मातीतला. या नाटकाचे पुण्यामुंबईत, तालुक्यात, उघड्या मैदानात शेकडो प्रयोग झाले आणि लोकांनी ते तिकीट काढून पाहिलं. मग पोरं उठून गेली का?

गोष्ट सोपी आहे. यम महाराजांना न्यायला येतो. महाराज जातात, पण विचार इथेच राहतात. ते कुणाच्या डोक्यात बसतात याचा शोध घेत यम फिरतो आणि शोध येऊन पोचतो भीमनगर मोहल्ल्यात. तिथे शिवजयंतीवरून गाव तापलेलं. मग दोन शाहिरांचा मुकाबला होतो. एक दंगलीला उपयोगी पडणारा शिवाजी गातो. दुसरा रयतेचा राजा गातो, शेतकऱ्याच्या पिकाला हात लावू नका म्हणणारा, अठरापगड जातींना सोबत घेणारा. निकाल प्रेक्षकाला स्वतः लावावा लागतो.

रामदासांच्या गावचा माणूस शिवाजी महाराजांवर नाटक लिहितो आणि त्यात महाराजांना गुरूच्या पायाशी बसवत नाही, यातच सगळं आलं. हा धागा जोतीराव फुल्यांचा आहे. 1869 साली जोतीरावांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा छापला आणि राजाला कुळवाड्यांच्या हवाली केलं. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' या छोट्या पुस्तकातून हेच काम पुढे नेलं. 2015 साली त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ते गेले. हे नाटक त्याच वाटेवरचं आहे.

तेव्हा आपल्यातल्या काहींनी आम्हाला विचारलं होतं, "आपण शिवाजीवर कशाला बोलायचं? आपला विषय बाबासाहेब." काहींनी लेखकाची जात विचारली. आम्ही दोघांनाही एकच सांगितलं: आधी नाटक बघा. गावात दंगल होते तेव्हा पहिला दगड भीमनगरावर येतो, आणि तो महाराजांचं नाव घेऊन येतो. मग ते नाव नेमकं कुणाचं, हा आपला विषय नाही तर कुणाचा? शंभर भाषणांनी जे मराठा पोरांपर्यंत पोचलं नसतं, ते या नाटकाने पोचवलं, कारण ती पोरंही प्रेक्षकांत हसत होती. हसता हसता त्यांना स्वतःच्या गावची शिवजयंती आठवत होती.

आता वहीवाल्या पोराकडे परत येऊ. जयंतीनंतर तो आमच्याकडे आला. रागावला नव्हता. मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, हे बघा, जर्मनीत नवीन लेखकाचं नाटक कसं करतात." इंग्रजी अक्षरं असलेला एक व्हिडिओ होता. आम्ही आधी मनात म्हटलं, कुठे जर्मनी आणि कुठे आपलं बदनापूर. पण बाबासाहेबांनी 1921 साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं आणि जर्मन भाषा शिकून घेतली होती. त्यांना ती भाषा परकी वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? आम्ही वाचायला लागलो.

मराठी नाटकाला जर्मनी नवी नाहीच. ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं, चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं. समीक्षकांनी कौतुक केलं की पात्र मध्येच थांबून गातं, प्रेक्षकाशी बोलतं, त्याला विचार करायला लावतं. अहो, सत्यशोधक जलसा आणि आंबेडकरी जलसा दुसरं काय करत होता? भीमराव कर्डकांच्या जलशाला ब्रेख्त माहीत नव्हता. नाट्यरूपाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. प्रस्थापितांनी ते आपल्याकडून नेलं आणि बर्लिनचा शिक्का मारून परत आणलं, एवढंच.

मग उणीव कशाची? तिकडे शहराशहरात सरकारी आणि पालिकेच्या पैशावर चालणारी नाट्यगृहं आहेत आणि त्यांत पगारी नट असतात. नवीन लेखकांसाठी नाट्यमेळे भरतात. तिथे संहिता आधी नटांकडून लोकांसमोर वाचून घेतली जाते. म्युलहाइम नावाच्या शहरात 1976 पासून नव्या जर्मन नाटकांची स्पर्धा होते आणि तिथले परीक्षक बंद खोलीत निकाल लावत नाहीत. ते प्रेक्षकांसमोर बसून उघड भांडतात: हे नाटक का चांगलं, ते का नाही. आपल्याकडे परीक्षक पाकीट देतो आणि गाडीत बसतो. आपलं काय चुकलं हे लेखकाला कळतच नाही.

पण तिथेही हे सगळ्यांना सारखं मिळालं नाही, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून मजूर जर्मनीत गेले. त्यांनी कारखाने चालवले, रस्ते झाडले. त्यांची मुलं-नातवंडं तिथेच जन्मली, पण मोठ्या रंगमंचावर त्यांना जागा मिळाली तर गुन्हेगाराची नाहीतर बुरख्यातल्या बाईची. तेव्हा 2008 साली शेर्मिन लांगहोफ या तुर्की वंशाच्या बाईंनी बर्लिनच्या मजूरवस्तीत एक छोटं नाट्यगृह हाताशी धरलं. 2010 साली तिथे नूरकान एरपुलाट आणि येन्स हिल्ये यांचं एक नाटक आलं. नावाचा अर्थ 'वेडं रक्त'. शाळेतली बाई स्थलांतरितांच्या मुलांना शिलर हा थोर जर्मन नाटककार शिकवायला बघते, पोरं ऐकत नाहीत. एका पोराच्या दप्तरातून पिस्तूल पडतं. बाई ते उचलते, पोरांवर रोखते आणि त्यांच्याकडून 'अभिजात' नाटक करून घेते. संस्कृती शिकवणाऱ्याच्या हातात बंदूक! हे वाचून आम्हाला शाळेतली कितीतरी गॅदरिंगं आठवली, जिथे आपल्या पोरांना झाडाचं नाहीतर राक्षसाचं काम मिळायचं. ते नाटक गाजलं, आणि 2013 साली त्याच लांगहोफ बाईंकडे बर्लिनचं माक्सिम गोर्की हे मोठं सरकारी नाट्यगृह आलं.

क्रम लक्षात घ्या. आधी वस्तीतली छोटी जागा, मग लेखक, मग गाजणं, आणि सगळ्यात शेवटी सरकार.

आपल्या पूर्वजांनी हा क्रम कधीच ओळखला होता. जोतीरावांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशी अडाणी कुणब्याला कसा लुबाडतो आणि शिक्षण त्याला कसं वाचवतं, याचं नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. दुसऱ्याच्या दारावर संहिता घेऊन गेलं की काय होतं, ते तेव्हाच कळलं. म्हणून बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तिथे म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' 1955 साली त्यांच्यासमोर झालं आणि पुढच्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही झालं. विचार करा, लाखो लोक धर्म बदलायला आले होते आणि त्या सोहळ्यात नाटकाला जागा होती. त्याच मराठवाड्यातून पुढे दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' आलं, प्रकाश त्रिभुवनांचं 'थांबा, रामराज्य येतंय!' आलं. विदर्भातून आलेल्या प्रेमानंद गज्वींनी 'घोटभर पाणी' आणि 'किरवंत' लिहिलं, संजय पवारांनी 'कोण म्हणतं टक्का दिला?' लिहिलं. हे काही कुणी दान दिलेलं नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये, वसतिगृहाच्या गच्चीवर, वर्गणीच्या पैशावर उभं राहिलेलं हे काम आहे.

आणि आज आपल्याकडे वर्गणी आहे, विहार आहे, वीज आहे, मोबाइल आहे. नाही ती फक्त वीस मिनिटांच्या पुढची शांतता.

आम्ही डीजेच्या विरोधात नाही. ज्या रस्त्यावरून आजोबांना चप्पल हातात घेऊन जावं लागलं, त्या रस्त्यावर नातू नाचतो तेव्हा त्याला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण मिरवणूक एका रात्रीची असते. गावातला जातीयवादी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असतो, आणि त्याच्याशी बोलायची भाषा डीजेतून मिळत नाही. ती नाटकातून मिळते, कारण नाटकात त्याचंही पात्र लिहावं लागतं, त्याच्या डोक्यात शिरावं लागतं.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक जयंती समितीपुढे आमच्या चार मागण्या. एक, वर्गणीतला दहावा हिस्सा नव्या नाटकाला, पावतीवर लिहून. दोन, 6 डिसेंबरनंतरच्या प्रत्येक रविवारी विहारात संहितेचं जाहीर वाचन, आणि वाचनानंतर उघड चर्चा. आयाबायांनी, म्हाताऱ्यांनी, पोरींनी बोलायचं. तीन, लेखकाला मानधन. पाचशे का होईना, पण पाकिटात घालून, सगळ्यांसमोर. चार, नाटकाच्या रात्री डीजेची गाडी वस्तीच्या बाहेर उभी.

कुणी म्हणेल, यातून किती तांगडे निघणार? कदाचित एकही नाही. पण निघालाच, तर तो आपल्या आवाजाखाली दबून मरू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

या वर्षीच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. अर्धा तास वाद झाला. अध्यक्ष दहावा हिस्सा द्यायला तयार झाले नाहीत, विसाव्यावर तडजोड झाली. बेस थोडा कमी. पहिलं वाचन विहारात झालं तेव्हा बावीस माणसं होती. वहीवाला पोरगा घाबरून भरभर वाचत होता. मागून एक आजी म्हणाली, "हळू वाच रे लेकरा, आम्हाला कुठं जायचंय?"

त्याने पान उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

जय भीम!