अर्धा कोयता

कोयता हें हत्यार आहे असें शब्दकोश सांगतो. आमच्या कोपरगांवाकडे मात्र दिवाळीनंतर कोयता म्हणजे माणसें, आणि तींही जोडीनें मोजावयाचीं. नवराबायको मिळून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतात. या दोघांचा मिळून एक कोयता होतो व मुकादमाची उचल मिळते ती या कोयत्याला. विवाहाची इतकी रोकडी व्याख्या आमच्या कॉलेजांतील एकाही समाजशास्त्रज्ञाला अद्याप सुचलेली नाहीं!

गोदाकांठच्या आमच्या तालुक्यांत कोळपेवाडीचा आणि संजीवनीचा असे दोन सहकारी साखरकारखाने आहेत. गाळप सुरू झालें कीं बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानांत कोपी उभ्या राहतात, आणि पुढें चार-पांच महिने तेथेंच चुली पेटतात, मुलें रांगतात. कांहीं जन्मासही तेथेंच येतात. एके वर्षीं सकाळीं फिरावयास गेलों असतां एका कोपीपुढें एक म्हातारी भाकरी थापीत होती. शेजारीं तिची सून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते, हें आमच्यासारख्या पुस्तकी माणसालाही दिसत होतें.

"मावशी, हिला गांवींच कां नाहीं ठेवलीत?" आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें.

"दोघांची उचल घेतलीया, ताई. अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय?"

"आणि इथेंच पोट दुखूं लागलें तर?"

"म्या हाय की! माझी बी दोन फडातच झाली."

"म्या हाय की" या तीन शब्दांत सुईणपणाचें अर्धें शास्त्र आहे, असें आम्हांस वाटतें. उरलेलें अर्धें स्वच्छतेचें. सुईण म्हटली कीं सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें अंधारी खोली, गंजका विळा आणि धनुर्वात उभा राहतो. ती भीति खोटी नव्हे. परंतु व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाची हकीकत या बाबतींत मोठी बोधक आहे. तेथें बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागांत सूतिकाज्वरानें इतक्या अधिक स्त्रिया दगावत कीं, तेथें आम्हांला घालूं नका, अशी गरीब बायका काकुळतीनें विनवणी करीत. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनीं प्रसूतीस येतात, हें कारण १८४७ सालीं इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरानें ओळखलें. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति करतांच मृत्यु झपाट्यानें घटले. दोष हातांवरच्या मळाचा होता. पदवी त्या मळाला आवरूं शकली नव्हती.

मग सुइणीच्या जवळिकीला स्वच्छ हातांची जोड कां देऊं नये? आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० पासून तें करून दाखविलें. त्यांनीं खेड्यापाड्यांतल्या बायका निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. गर्भवतीची तपासणी आणि स्वच्छ बाळंतपण तर त्या शिकल्याच, पण कोणत्या बाईला वेळ न दवडतां दवाखान्यांत न्यावें, हेंही शिकल्या. ज्या हातचें पाणी चालत नव्हतें, तो हात बाळंतिणीच्या खोलींत चालूं लागला! १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु जामखेडची सेविका काय किंवा आजची आशा काय, आपल्या गांवाला बांधलेली. कोयता गांवांत नसतो, आणि कोपीला घरक्रमांक नसतो. १०८ ची गाडी बोलावल्यास येते. पण उसाच्या रानांत तिला खूण कोणती सांगावी? शिवाय कामाचा एक दिवस बुडाला कीं खाडा पडतो, आणि त्याचे पैसे कोयत्याच्या नांवें लागतात. पाळी आणि बाळंतपण हीं दोन्हीं अशा हिशेबांत तोटाच ठरतात. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांची शासकीय समितीनें २०१९ सालीं पाहणी केली, तेव्हां ८२ हजारांवर स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. या आंकड्यावर भाष्य करण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

जगांत ९ लक्ष सुइणी कमी आहेत, असें संयुक्त राष्ट्रांचा २०२१ चा अहवाल सांगतो. भारत सरकारनेंही २०१८ सालीं परिचारिकांना अठरा महिने शिकवून स्वतंत्र मिडवाइफ तयार करण्याचें धोरण आंखलें. यांपैकीं एखादी गाळपाच्या हंगामापुरती टोळ्यांच्या तळावर नेमावी. साखरेच्या एवढ्या उलाढालींत तिचा पगार जड होऊं नये. मात्र बाळंतिणीचा खाडा धरूं नये, ही अट आधीं मुकादमाच्या करारांत घातली पाहिजे. नाहीं तर मिडवाइफ कोपीच्या दाराशीं येईल, तेव्हां बाई फडांत मोळी उचलीत असेल.