जरा लांबून पाहा, सर!

‘हल्ली चांगले खेळाडूच मिळत नाहीत,’ ही प्रशिक्षकांची तक्रार मी नेहमी ऐकतो. मला वाटते, खेळाडू असतात. ते हेरायची रीत चुकते. निवड सायंकाळी पाचला, आणि आमच्या गावची शेवटची एस.टी. साडेचारला! मग कबड्डीत तयार झालेली खेड्यातली मुले मैदानावर दिसणार कशी?

रमाकांत आचरेकर सरांची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९८४ साली शिवाजी पार्कवर छोटा सचिन त्यांच्यापुढे बुजला; त्याला नीट खेळताच येईना. थोरला भाऊ अजित म्हणाला, जरा लांबून पाहा. सर दूर जाऊन उभे राहिले, आणि सचिन मोकळेपणी खेळला. पुढे सामने मिळावेत म्हणून सर त्याला स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पण मला मोठे वाटते ते त्यांचे चार पावले मागे सरणे.

कॉलेजची पायरी चढणारे आम्ही कित्येकजण घरातले पहिलेच. सरांसमोर जीभ अडखळते, तसे पायही अडखळतात. पहिल्याच दिवशी आमच्या नावावर काट मारू नये, पुन्हा बोलवावे. त्याने संघ सुधारेल, आणि प्रशिक्षकाची नजरही.