नाडी साठावर

घोड्यांच्या शर्यतीविषयी लिहायचे म्हटले की मुंबईचे महालक्ष्मी मैदान किंवा पुण्याचा पावसाळी हंगाम वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हिरवळ, दुर्बिणी, आणि मिनिटा-दीड मिनिटात आटोपणारा निकाल. आम्हाला सांगायचे आहे ते निराळ्याच प्रकारच्या शर्यतीविषयी. तिला शर्यत म्हणावे की नाही, याबद्दलही तिच्या मायदेशी दोन मते आहेत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ऑबर्न या डोंगराळ गावी १९५५ मध्ये वेंडेल रॉबी नावाच्या गृहस्थांनी एक पैज लावल्यासारखा उद्योग केला. सिएरा पर्वत ओलांडून शंभर मैल, एकाच घोड्यावर, चोवीस तासांच्या आत. ती दौड ‘टेव्हिस कप’ या नावाने जगभर गाजली. आजही सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच स्वार ती पुरी करतात. अशा लांब पल्ल्याच्या दौडींचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. पन्नास मैलांच्या पुढे ‘एन्ड्युरन्स’, आणि पंचवीस ते पस्तीस मैल, म्हणजे चाळीस ते छप्पन्न किलोमीटर, ती ‘लिमिटेड डिस्टन्स’. आपण तिला मर्यादित पल्ला म्हणू. नवे घोडे, नवे स्वार आणि आमच्यासारखे जुने झालेले स्वार यांच्यासाठी ती धाकटी पाती आहे.

या धाकट्या पातीचा एक नियम ऐकून आम्ही थक्क झालो होतो. घोड्याने शेवटची रेघ ओलांडली तरी त्याची वेळ नोंदली जात नाही. त्याची नाडी मिनिटाला साठ ठोक्यांवर उतरेल तो क्षण म्हणजे त्याची पोहोचण्याची वेळ. त्यासाठी अर्धा तास मिळतो. त्यात नाडी उतरली नाही, किंवा उतरूनही पशुवैद्याला घोडा पुढे चालण्याजोगा वाटला नाही, तर पंचवीस मैल धावलेला घोडा कागदोपत्री धावलेलाच नसतो. सरकारी नोकरीत ‘उद्दिष्टपूर्ती’ या शब्दाची नाना रूपे आम्ही पाहिली. इतके प्रामाणिक रूप पाहिले नव्हते.

आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमचे घराणे होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. मूळपुरुष शिलेदार होते, म्हणजे घोडा स्वतःचा आणि पगार दरबारचा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा फरक आमचे आजोबा अशा थाटात सांगत की जणू घोडा अजून अंगणात बांधलेला आहे. प्रत्यक्षात शिल्लक होती एक रिकीब, जिची दसऱ्याला हळदकुंकू लावून पूजा होई. आम्ही महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तिथेच घोड्यावर मांड ठोकायला शिकलो, आणि पुढे मध्य प्रदेश शासनाच्या पशुपालन खात्यात गाई-म्हशींच्या लसीकरणात जन्म घालवला. (सरकारी टिपणीत ‘मी’ लिहिण्याची सोय नसते, तेव्हापासून लेखणीला ‘आम्ही’ची सवय जडली ती जडली.) २०२० मध्ये निवृत्त झालो. कन्या सॅक्रामेंटोजवळ राहते. तिच्याकडे दोन अरबी घोडे आहेत: रेवा नावाची सात वर्षांची घोडी, आणि सॅम नावाचा सोळा वर्षांचा कुमैत. २०२३ च्या जूनमध्ये तिने आम्हाला सॅमवर बसवून पंचवीस मैलांसाठी नाव घातले. २०१७ मध्ये आमच्या हृदयात एक स्टेंट बसवलेला आहे, याची आठवण सौभाग्यवतींनी त्या आठवड्यात किती वेळा करून दिली याची मोजदाद नाही. हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी मात्र आम्ही लेखी घेतली होती. कागद जवळ असावा, हा आमचा स्वभाव.

आता उन्हाविषयी. घोड्याचा खरा शत्रू अंतर नसून त्याच्या स्वतःच्या अंगात निपजणारी उष्णता आहे. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चालण्याच्या कामी येतो; बाकी सारी उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला कातडी अपुरी पडते. किलोमागे हिशेब केला तर घोड्याच्या वाट्याला माणसाच्या निम्म्याहूनही कमी कातडी येते. म्हणून तो घामावर विसंबतो, तासाला दहा लिटर आणि प्रसंगी त्याहूनही अधिक. खोगिराच्या कडेने दिसणारा पांढरा फेस त्या घामातल्या एका प्रथिनाचा असतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा अळणी असतो, त्यामुळे घाम गेला की उरलेले रक्त खारट होते आणि मेंदू तहान लावतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना थोडा जास्तच खारट. पाणी आणि मीठ बरोबरीने निघून गेल्यामुळे मेंदूला काही बिघडल्याचे कळतच नाही. तळ्याकाठी उभा केलेला, वीस-पंचवीस लिटर पाणी गमावलेला घोडा तोंड फिरवून उभा राहतो तो हट्टीपणाने नव्हे. म्हणून स्वार त्याला सफरचंदाच्या गरात क्षार कालवून पिचकारीने चाटवतात. आमच्या घरी उन्हाळ्यात पन्हे होते, त्यातलाच हा प्रकार.

तिकडे एक ढोबळ गणित प्रचारात आहे. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करायची. १३० च्या खाली घोडा आपले आपण निभावतो, १५० च्या वर काळजी घ्यायची, १८० च्या वर घोडा ठाणावरच बरा. कॅलिफोर्नियाच्या त्या टेकड्यांत दुपारी पारा शंभरावर, पण दमटपणा विसाच्या आसपास, बेरीज १२०. आमच्या इंदूरचा मे महिना हिशेबाला जवळजवळ तसाच पडतो. पण जुलैतले इंदूर धरा, ८६ आणि ८५, बेरीज १७१. ज्या हवेला आपण ‘आता जरा गार झाले’ म्हणतो, ती घोड्याला वैशाखवणव्याहून जड. गोव्याच्या आणि वडोदऱ्याच्या वाचकांनी आपापली बेरीज करून पाहावी.

ही गणिते ऐकताना आम्हाला इंदुरातले टांगे आठवत होते. सरवटे स्थानकाबाहेर मे महिन्यात उभे असलेले ते तट्टू, बरगड्या मोजाव्यात असे, आणि तोंडाला बांधलेली चंदीची रिकामी पिशवी. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, पोटात मुरडा येतो. तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नये, स्नायू आखडतात. ही टांगेवाल्यांची ठाम समजूत होती, आणि केवळ त्यांचीच नव्हे, साहेबांच्या जुन्या पुस्तकांतही तीच होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये घोड्यांचे उन्हाने हाल झाले, तेव्हा १९९६ च्या अटलांटासाठी शास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांनी दाखवून दिले की तापलेल्या घोड्याला बर्फाच्या पाण्याने सर्वांगी भिजवणे हाच उत्तम उपाय. स्नायू वगैरे काही आखडत नाहीत. टांगे आता जवळपास नाहीसे झाले. ज्यांना हे ज्ञान हवे होते ते घोडे त्याआधीच गेले.

दौडीच्या दिवशी साडेसहाला निघालो. पहिला फेरा पंधरा मैलांचा, दुसरा दहाचा. लाल धुळीची पायवाट, ओकची झाडे, आणि अंगाला लागली तर आठवडाभर खाजवणारी एक विषारी वेल. सॅम हा अनुभवी गृहस्थ. दुडकी चाल धरली की तो घड्याळासारखा चालतो, चढ आला की आपणहून पावली येतो. रेवा तरुण; पुढे कोणी दिसले की तिला राहवत नाही. ओढ्यापाशी आम्ही दोरी बांधलेला स्पंज वरूनच पाण्यात सोडून मानेवर पिळत होतो. सॅमने पोटभर पाणी प्यायले. रेवाने नुसते नाक बुडवले.

सव्वानऊला तपासणीच्या जागी पोहोचलो. सॅमची नाडी पाच मिनिटांत उतरली. मग पशुवैद्य बाईंनी एक चाचणी घेतली. नाडी मोजायची, घोड्याला सव्वाशे फूट पळवत न्यायचे आणि तसेच परत आणायचे, आणि पळायला सुरुवात केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा नाडी मोजायची. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी आला तर घोडा दमलेला नाही. पळवत न्यायचे म्हणजे लगाम धरून आम्हीही पळायचे. पासष्टाव्या वर्षी ही परीक्षा नेमकी कोणाची, हा प्रश्न आम्ही मनातच ठेवला. सॅमला सगळीकडे ‘अ’ मिळाला. प्रत्येक घोड्याचा एक कागद असतो. त्यावर हिरड्यांचा रंग, कातडीची चिमूट सोडल्यावर ती बसायला लागणारा वेळ, आतड्यांचे आवाज, चाल, असे रकाने आणि अ, ब, क असे शेरे. आमच्या गोपनीय अहवालासारखेच. फक्त इथे तो ज्याच्याविषयी असतो त्याच्यासमोरच लिहिला जातो.

रेवाच्या बाबतीत चोवीस मिनिटे लागली. आम्ही दोघे बादल्यांनी पाणी ओतत होतो. अठ्ठावीस-तीसवर असणारी तिची विश्रांतीची नाडी सत्तरीत अडकून पडली होती. मग अडुसष्ट, चौसष्ट, पुन्हा सहासष्ट, शेवटी साठ. नियमाने ती उत्तीर्ण झाली. पण पशुवैद्य बाई पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. चार ठिकाणी आवाज यायला हवेत, दोन ठिकाणी जवळजवळ शांतता होती. चिमूट बसायला तीन सेकंद. त्यांनी ‘क’ लिहिला आणि म्हणाल्या की विश्रांतीनंतर पुन्हा ऐकू. सुधारली तर जाऊ देऊ. मग त्यांनी आमच्याकडे पाहिले, कारण आमचा व्यवसाय कन्येने त्यांना आधीच सांगून ठेवला होता.

या दौडीसाठी ती वर्षभर पहाटे चारला उठत होती. मध्यंतरी तिचे काही बरे चालले नव्हते. त्याविषयी इथे लिहिण्याचे कारण नाही. या घोडीने तिला त्या महिन्यांत अंथरुणातून उठवले, एवढे सांगितले तरी पुरे. तिने विचारले, “बाबा, काय करू?”

आमचे मत तयार होते. शांत झालेले आतडे काय करू शकते हे आम्ही हाताने पाहिले आहे. तरी आम्ही म्हणालो, “घोडी तुझी आहे. तिच्या पोटाला कान लावून तूच ऐक.”

तिने नळी घेतली. डाव्या कुशीला, उजव्या कुशीला, वर, खाली. आपण शहरातल्या घरातून एखादी ओळखीची हाक येते का म्हणून जसे थांबतो, तशी ती थांबली. मग नळी परत दिली आणि खोगीर उतरवायला लागली. वहीत नोंद झाली: स्वाराच्या इच्छेने माघार.

आम्हीही थांबतो म्हणालो. त्यावर ती जवळजवळ रागावली. “इथे तीन डॉक्टर आहेत. सॅमचा काय दोष? तुम्ही जा. आणि हळू जा.”

दुसरा फेरा आम्ही एकट्याने केला. ऊन चढले होते. डोक्याला शिरस्त्राण, त्याखाली भिजवलेला पंचा. तो दहा मिनिटांत वाळे. चढावर उतरून पायी चाललो, कारण अडुसष्ट किलोंचे ओझे कमी झाले की घोड्याला ते लगेच कळते. सॅमला जोडीदार नसल्याचे पहिला मैलभर वाईट वाटत होते. तो मागे वळून खिंकाळत राहिला. आमच्या पूर्वजांनी चंबळेपर्यंत आणि यमुनेपर्यंत असेच उन्हातून घोडे नेले असतील. त्या घोड्यांपैकी किती परत आले, हे आजोबांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या काळच्या दख्खनी घोड्याचा वंश, भीमथडी, याला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती २०२४ मध्ये, म्हणजे आमच्या दौडीच्या पुढल्या वर्षी.

बारा वाजून पाच मिनिटांनी रेघ ओलांडली. टाळ्या वाजल्या, आणि लगेच सगळे गप्प झाले, कारण काम आता सुरू व्हायचे होते. तंग सैल केला, खोगीर काढले, मानेच्या आणि मांड्यांच्या मोठ्या शिरांवर पाणी. एक शाळकरी मुलगी घड्याळ धरून सॅमच्या कोपरामागे नळी लावून बसली. ऐंशी. बहात्तर. सॅमने डोके खाली घातले, ही चांगली खूण. सहासष्ट. आम्ही सावलीत उभे होतो, आणि सहज स्वतःच्या मनगटावर बोट ठेवले तर एकशे चार. ते कोणी कागदावर लिहीत नव्हते. बासष्ट. तेवढ्यात पलीकडे कुणाची तरी गाडी धडाडली आणि पुन्हा सहासष्ट. चौदाव्या मिनिटाला मुलगी उठून उभी राहिली आणि साठ म्हणाली. बारा वाजून एकोणीस मिनिटे, ही आमची वेळ. आम्ही शेवटून पहिले होतो. त्या मंडळींत शेवटच्याला कासवाच्या नावाने बक्षीस देण्याची प्रथा आहे; आम्हाला एक बादली मिळाली, प्लास्टिकची, हिरवी, उत्तम.

रेवाची रात्र मात्र आमच्या हिशेबात राहिली. औषध काही दिले नव्हते. ओले गवत, थोडे-थोडे चालवणे, दर तासाला पोटाचे आवाज. नऊला डावीकडे गुरगुर सुरू झाली. दहाला तिने त्या नव्या हिरव्या बादलीतले अर्धे पाणी संपवले. अकरानंतर थोड्या वेळाने अंधारातून जमिनीवर काही पडल्याचा ओला आवाज आला. कन्येने विजेरी लावली. ताजी, मऊ, वाफाळलेली लीद. आम्ही बापलेक ती पाहत कितीतरी वेळ उभे राहिलो, आणि मग तिने इंदूरला फोन लावून आईला सांगितले की सगळे ठीक आहे.